कडू भाकरीचा हिशेब

तंबाखू खुडून आलेल्या बाईच्या हातची भाकरी कडू लागते. आमच्या कोगनोळी-निपाणी भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. शेंडा खुडला की रोपातून चिकट चीक सुटतो. तो बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, बांगड्यांखाली बसतो आणि वाळला की काळा पडतो. राख लावा, चिंच चोळा, साबण घासा. रंग उतरतो, कडवटपणा उतरत नाही. खुडणीच्या दिवसांत माझी आई चुलीपुढं बसायची, पण परात थोरल्या बहिणीकडं सरकवायची. "पीठ तू मळ गं, माझं हात कडू हाईत." दव पडलेल्या पाल्यातून पहिल्यांदा हिंडलेल्या पोरीला दुपारपर्यंत गरगरायला लागायचं, मळमळायचं. बायका तिला बांधावर सावलीत बसवायच्या आणि म्हणायच्या, "तंबाखू लागली तिला." जन्मात कधी चिमूट तोंडात न टाकलेल्या पोरीला तंबाखू लागायची, ती कातडीतून.

तंबाखूवर बंदी घालावी की जबर कर लावावा, हा वाद रंगतो तेव्हा त्यात दोनच माणसं दिसतात. एक ओढणारा आणि दुसरं त्याला अडवणारं सरकार. पिकवणारा, खुडणारी, वखारीत पाला चाळणारी, घरी उंबऱ्यात बसून बिड्या वळणारी, ही माणसं अगदी शेवटी येतात, 'त्यांच्या पोटाचं काय?' एवढ्या एका प्रश्नापुरती. मी या मातीतला आहे, म्हणून मला सुरुवातच त्यांच्यापासून करायची आहे. आणि त्यांच्या बाजूनं उभं राहूनही माझं मत स्वच्छ आहे. सरसकट बंदी नको. कर मात्र आजच्यापेक्षा पुष्कळ जड हवा, आणि तो सर्वांत आधी बिडीवर वाढायला हवा. त्याला माझी एकच अट आहे. तंबाखूतून गोळा झालेला पैसा, ज्यांच्या अंगातून ती तंबाखू गेली त्यांच्याकडं, कायद्यानं बांधलेल्या वाटेनं परत आला पाहिजे.

नुकसान किती, याबद्दल आता वाद उरलेला नाही. भारतात तंबाखूपायी दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसं मरतात. २०१७-१८ या एका वर्षात आजारपण आणि अकाली मृत्यू धरून देशाचं नुकसान १ लाख ७७ हजार कोटी रुपयांवर गेलं, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला जे मिळत होतं, ते याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं होतं. 'तंबाखू बंद केली तर तिजोरी रिकामी होईल' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुढ्यात घ्यावा. शंभर रुपये जमा करताना आठशे रुपये घराबाहेर जात असतील, तर त्याला उत्पन्न म्हणत नाहीत.

मग सरळ बंदीच का नको? बंदी मागणाऱ्यांचं म्हणणं वजनदार आहे. राज्यघटनेचं ४७ वं कलम आरोग्याला घातक अशा मादक पदार्थांना आळा घालण्याची जबाबदारी राज्यावर टाकतं. जी वस्तू सांगितल्याप्रमाणे वापरली तरी माणसाला मारते, ती दुकानात टांगून ठेवायची परवानगी सरकारनं का द्यावी? ज्यांच्या घरातून तोंडाच्या कॅन्सरचा माणूस गेला आहे, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला की मान खाली जाते.

पण बंदीचा अनुभव आपल्याकडं चारशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात आमच्या शेजारच्या विजापुरापासून होते. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरला आला, तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि ती बादशहाच्या दरबारात नेली. हकिमांनी तेव्हाही नाकं मुरडली होती. पुढं १६१७ साली जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. बादशहाचा हुकूम कागदावर राहिला आणि पीक गावोगाव पसरलं.

इतकं मागं जायचं नसेल तर कोगनोळीजवळच्या दूधगंगेच्या पुलावर उभं राहावं. पुलाच्या एका बाजूला कर्नाटक, दुसऱ्या बाजूला कागल, म्हणजे महाराष्ट्र. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; कर्नाटकानं मे २०१३ च्या अखेरीस. मधले दहा महिने एकच पुडी पुलाच्या एका टोकाला माल होती आणि दुसऱ्या टोकाला गुन्हा. दोन्हीकडं बंदी आल्यावरही गोष्ट मिटली नाही. महाराष्ट्रात सुगंधी सुपारी आणि पानमसालाही बंद आहे, कर्नाटकात पानमसाला उघड विकला जातो. त्यामुळं या हमरस्त्यावर पोलिसांनी गुटख्याची गाडी पकडली ही बातमी आजही अधूनमधून येते, आणि पकडलेल्या गाडीमागं न पकडलेल्या किती असतील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. टपरीवर पुडी मिळायची ती मिळतेच. फक्त ती समोरच्या माळेतून गल्ल्याखालच्या फडताळात गेली आहे. तिच्यावर कर नाही, तपासणी नाही, आणि मागणारा शाळकरी पोरगा आहे का हे बघायचं बंधनही नाही. जे चोरूनच विकायचं आहे, त्याला वयाची अट कोण लावणार?

बाहेरचं जगही हेच सांगतं. भूताननं २००४ साली तंबाखूची विक्री बंद केली. सीमेवरून चोरटा माल येतच राहिला आणि २०२१ मध्ये त्यांना ती बंदी उठवावी लागली. दक्षिण आफ्रिकेनं कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, जवळजवळ पाच महिने विक्री थांबवली. ओढणारे ओढतच होते, पैसा मात्र चोरट्या व्यापाऱ्यांच्या खिशात गेला.

तरीही 'बंदी कधीच चालत नाही' असं मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी निपाणी-कोल्हापूर एसटीत बिडीचा धूर असा भरलेला असायचा की अंगावरच्या सदऱ्याला घरी पोचेपर्यंत वास यायचा. आज एसटीत कुणी बिडी काढली तर कंडक्टरच्या आधी शेजारची बाई ओरडते. हा बदल मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशापासून, २००३ च्या कायद्यापासून आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झालेल्या नियमांपासून आला. कर्नाटकानं २०२४ मध्ये विक्रीसाठीचं वय १८ वरून २१ वर नेण्याचा कायदा विधिमंडळात केला, तोही मला योग्य वाटतो. ही बंधनं टिकतात, कारण ती दुसऱ्याच्या श्वासाचं आणि कोवळ्या वयाचं रक्षण करतात. त्यांच्या बाजूनं गाडीतली निम्मी माणसं आपसूक उभी राहतात. सरसकट बंदीच्या बाजूनं फक्त पोलीस उभा राहतो, आणि पोलीस पुलावर चोवीस तास उभा राहू शकत नाही.

आता कराकडं येऊ. किंमत वाढली की खप घटतो, आणि तो गरीब व तरुण माणसांत जास्त घटतो. जागतिक बँकेनं १९९९ सालीच मांडलं होतं की किंमत दहा टक्के वाढली तर आपल्यासारख्या देशांत खप सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. श्रीमंत देशांत तो चारच टक्के उतरतो. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं सिगारेटसुद्धा त्या पातळीच्या खाली राहत आली, आणि बिडी तर कुठल्या कुठं खाली.

आणि बिडी हाच आपल्याकडचा खरा धूर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के होते, बिडी ओढणारे ७.७ टक्के. पान जाड, झुरका मोठा, विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावं लागतं. त्यामुळं एका बिडीतून फुप्फुसात जाणारं विष सिगारेटीपेक्षा कमी नसतं, बहुधा जास्तच असतं. तरीही बिडीला दरवेळी सूट. जुन्या अबकारीत वर्षाला वीस लाखांपर्यंत बिड्या करणाऱ्याला शुल्कच नव्हतं. जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्क्यांशिवाय भरपाई उपकर बसला, बिडीवर तो बसला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला, बिडीचा मात्र २८ वरून १८ वर आणला आणि बिडीच्या पानाचा १८ वरून ५ वर. कारण नेहमीचंच. बिडी गरिबाची आहे आणि बिडी कामगारही गरीब आहे.

हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि तो गरिबाच्या नावानं घेतला गेला याचं जास्त दुःख होतं. रोजंदारीवरच्या माणसाला स्वस्त बिडी देणं ही त्याच्यावर केलेली दया नाही. त्याच्या घरात खोकल्याची उबळ आणि पुढं दवाखान्याचं बिल येणार आहे. ते बिल भरण्यासाठी बायको गळ्यातलं डोरलं मोडणार आहे, मुलगा शाळा सोडणार आहे. श्रीमंताची सिगारेट महाग करून त्याला वाचवायचं आणि गरिबाची बिडी स्वस्त ठेवून त्याला मरू द्यायचं, याला गरिबांचा कैवार म्हणता येणार नाही.

राहिला बिडी कामगार. सूट दिली म्हणून तिच्या हातात काय पडतं ते जवळून बघा. आमच्या गल्लीतल्या एका काकींच्या ओसरीत मी तासन् तास बसलेलो आहे. मांडीवर सूप, सुपात चुरा केलेली तंबाखू, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांनी वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. बोलता बोलता काकींचे हात चालू असायचे, डोळे माझ्याकडं. अशा हजार बिड्यांना सकाळचे आठ ते रात्रीचे आठ लागायचे, मध्ये स्वयंपाक आणि धुणं धरून. हजार म्हणजे पंचवीसची चाळीस बंडलं. संध्याकाळी माल द्यायला गेल्यावर मोजणारा मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. देशात अशा बिडी कामगारांची सरकारी नोंद पन्नास लाखांच्या घरात आहे आणि त्यात बहुतेक बायका आहेत. इतकी वर्षं बिडीला करातून सूट मिळत आली, पण त्या सुटीतला एक पैसा काकींच्या सुपापर्यंत आलेला मी पाहिलेला नाही. सूट कारखानदाराच्या वहीत जमा होते, तिच्या नावानं.

वखारीतली गोष्ट निराळी नाही. निपाणीच्या वखारींत बायका पाला कुटत, चाळत, काड्या वेगळ्या करत. नाकाला पदर बांधलेला, तरी धूळ छातीत जायची ती जायचीच. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज यांनी 'युगांतर' या गटाबरोबर १९८२ मध्ये एक माहितीपट केला. त्यात या बायका आपलं गाऱ्हाणं आपल्याच तोंडानं मांडतात. मजुरी, धूळ, मुकादमाची अरेरावी, सगळं. कराची चर्चा करणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा पाहावा.

आणि शेतकरी? १९८१ च्या मार्चच्या मध्यापासून तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले. बैलगाड्या, पोरंबाळं, गावागावांतून येणाऱ्या भाकऱ्या. तीन आठवड्यांहून जास्त काळ रस्ता त्यांच्या ताब्यात होता. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा केला. गोळीबारात बारा शेतकरी गेले. ज्या पिकानं लाखो माणसं मरतात त्याच पिकाच्या भावासाठी ही माणसं मेली, हे मला अनेक वर्षं पेलत नव्हतं. आता मला त्याचा अर्थ लागतो. ती माणसं तंबाखूसाठी मेली नाहीत. घामाचा दाम ठरवण्याचा हक्क आपल्याला हवा, यासाठी मेली. तो हक्क इथल्या शेतकऱ्याला अजून मिळालेला नाही. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७६ पासून तंबाखू मंडळ आहे. म्हैसूरकडच्या शेतकऱ्याचा माल तिथं लिलावात जातो. बिडीची तंबाखू त्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. आमच्याकडं व्यापारी शेतावर येतो, पाला हातात चुरगळून बघतो आणि भाव सांगतो.

म्हणून शेतकरी तंबाखूला चिकटून बसला आहे हे म्हणणं खरं नाही. काळम्मावाडीच्या धरणाचं पाणी दूधगंगेतून ज्या रानांना मिळालं, त्या रानांतून तंबाखू आपोआप गेली आणि ऊस आला. तिथं कुणी बंदी घातली नव्हती, कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. पाणी आलं आणि तंबाखू गेली. ती उरली आहे माळावर, जिराईत रानात, जिथं पावसाळ्यानंतर काळ्या मातीतल्या ओलीवर दुसरं काही नीट उभं राहत नाही. उसानंही आपले प्रश्न आणले, जमिनी क्षारपड झाल्या, हेही खरं. पण एवढं नक्की सिद्ध झालं की पर्याय दिला तर शेतकरी एका पिढीत बदलतो.

इथं माझ्या अटीचा मुद्दा येतो. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर भारतानं २००४ साली मोहोर उठवली. त्या कराराच्या सहाव्या कलमात किंमत आणि कर आहेत, आणि सतराव्या कलमात पिकवणारे, कामगार आणि विक्रेते यांना पर्यायी उपजीविका देण्याचं वचन आहे. सहावं कलम परिषदांत गाजतं, सतरावं कुणी उघडत नाही. आपल्याकडं तर परतीची एक वाट बांधलेली होती. १९७६ च्या कायद्यानं बिडीवर कल्याण उपकर बसवला. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं उभी राहिली. जीएसटी येताना २०१७ मध्ये तो उपकर रद्द झाला. योजनांना अर्थसंकल्पातून पैसे मिळतात, पण बिडीच्या पैशाशी बांधलेली दोरी तुटली. अर्थसंकल्पात कात्री लागली तर काकींनी कुणाकडं बोट दाखवायचं?

फिलिपिन्सनं २०१२ मध्ये काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी तंबाखूवरचा कर एकदम जड केला आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की वाढलेल्या उत्पन्नातले पंधरा टक्के तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना जातील, उरलेला मोठा वाटा लोकांच्या आरोग्याला. २००९ मध्ये तिथं २९.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१५ पर्यंत ते २३.८ टक्क्यांवर आले. कर आणि परतावा एकाच कागदावर होते, म्हणून शेतकऱ्यांच्या प्रांतांनाही त्या कायद्यात आपला वाटा दिसला.

आपल्यालाही तेच करायला हवं. बिडी आणि सिगारेट दोन्हींवर प्रत्येक नगामागं कर बसावा आणि तो दरवर्षी महागाई व मजुरीच्या वाढीपेक्षा थोडा जास्त वाढावा. खाण्याच्या तंबाखूलाही तोच नियम लागावा, कारण २०१६-१७ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि मशेरी, खैनी, गुटखा धरून तोंडात ठेवणारे २४.४ टक्के होते. धूर तेवढा महाग केला तर माणूस चुना मळायला लागेल. आणि या पैशातला ठरलेला हिस्सा तंबाखूच्या तालुक्यांसाठी, बिडीच्या वस्त्यांसाठी राखून ठेवावा. माळावर पाणी चढवायला, पर्यायी पिकाला पहिली काही वर्षं हमीचा भाव द्यायला, वखारीत आणि सुपावर आयुष्य गेलेल्या बायकांना निवृत्तिवेतन आणि छातीची मोफत तपासणी द्यायला, त्यांच्या लेकींच्या शिक्षणाला.

'एवढ्या लोकांपर्यंत सरकार कसं पोचणार?' असं कुणी विचारेल. ज्यांनी जुने दिवस पाहिलेत त्यांना उत्तर ठाऊक आहे. १९४३ पासून १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर अबकारी होती. छत्तीस वर्षं कुणाच्या रानात किती तंबाखू, कुणाच्या घरात किती पाला याची नोंद सरकारदरबारी होत असे. मोजायला जे सरकार दारात येऊ शकत होतं, ते द्यायलाही येऊ शकतं.

कोगनोळीच्या टोल नाक्यावर गाडीवाला कुरकुरत पैसे भरतो. पण भरतो, कारण चाकाखाली रस्ता आहे. जिथं रस्ता उखडलेला असतो तिथं भांडण होतं, आणि ते भांडण रास्त असतं. तंबाखूवरच्या कराचंही तसंच आहे. तो माणसाला व्यसनातून सोडवताना दिसला, माळावर पाणी नेताना दिसला, तर कोगनोळीतला शेतकरीसुद्धा त्याच्या बाजूनं उभा राहील. नुसता वसूल होत राहिला तर शेतकऱ्याला तो आपल्या रानावरचा आणखी एक मुकादम वाटेल.

हंगाम संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एके सकाळी आई परात स्वतःकडं ओढायची. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात टाकायची, क्षणभर थांबायची आणि मग आमच्या ताटात वाढायची. हातातला कडवटपणा एका रात्रीत जात नाही, त्याला दिवस लागतात. ते दिवस आमच्या भागाला मिळावेत आणि तेवढ्या दिवसांत कुणाची चूल विझू नये, एवढं काम तंबाखूच्या पैशानं करावं.